भोंगा कुणाचा, वही कुणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणात गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. ग्रामस्थ मंडळं, ज्ञातिमंडळं, मुंबईकर चाकरमान्यांची मंडळं गावच्या शाळेत मुलांना वह्या वाटतात, गुलाबाचं फूल देतात, आणि मग व्यासपीठावर दरवर्षीचा वाद रंगतो. एक पाहुणा सांगतो की आमच्या मुलांकडे हुशारी आहे पण जिद्द नाही. पहाटे पाचला उठा, मोबाइल बाजूला ठेवा, ॲटिट्यूड बदला. दुसरा उठून विचारतो की इथे कारखाने नाहीत, मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडतंय, मग जिद्द धरून मुलांनी करायचं काय? टाळ्या दोघांनाही पडतात. मला दोघंही एकाच जागी चुकताना दिसतात. दोघांनीही सवय म्हणजे स्वभाव असं धरलेलं आहे. एक त्या स्वभावाला रागे भरतो, दुसरा त्याला पाठीशी घालतो. माझं म्हणणं असं आहे की कामधंद्यात पुढे जायचं तर आधी एकच सवय लावावी: आपल्या कामाची नोंद आपल्या हाताने करायची आणि ती आपल्यापाशी ठेवायची. वक्तशीरपणा, दिलेला शब्द पाळणं, आत्मविश्वास हे गुण तिच्या मागून येतात.

कोकणी माणूस मुळात सुस्त, हे आधी निकालात काढू. कोकण विभागीय मंडळ २०१२ साली स्वतंत्र झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात ते राज्यात पुढे आहे. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. आळशी मुलांचा असा निकाल लागतो का? पण याहून चांगला पुरावा श्रावणात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, दिसतो. भिंतीला टेकवून पाट रचलेले असतात. प्रत्येक पाटामागे खडूने नाव, वाडी आणि मूर्तीची उंची लिहिलेली. पावसाची झड लागलेली, ऊन नाही, शाडू वाळत नाही, हाताशी नुसता पंखा, आणि तोही वीज गेली की बंद. बारीक तडे गेले तर रंगाआधी ते पुन्हा लिंपायचे. एवढं सगळं सांभाळून भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आधी प्रत्येक मूर्ती आपापल्या पाटावर तयार असते. एकही घर गणपतीविना राहत नाही. तोच कलाकार बाकीच्या वर्षात घरांचं रंगकाम करतो आणि तिथे मात्र "उद्या येतो" म्हणून आठ-आठ दिवस फिरकत नाही. माणूस तोच, हात तेच. मग बदललं काय? शाळेत काम पाटावर लिहिलेलं आहे, नजर फिरवली की किती उरलं ते कळतं, आणि तारीख हलत नाही. रंगकामाचे पाट कुठेच नाहीत. कुणाला कधी काय कबूल केलं ते फक्त डोक्यात आहे, आणि डोकं समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायला कचरतं.

आपल्याकडचा वायरमन, प्लंबर, फ्रिज दुरुस्त करणारा मुलगा "येतो हां" म्हणतो ते बहुतेक वेळा खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आपण किती कामं अंगावर घेतली आहेत हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. अशा मुलाला प्रामाणिकपणाचं व्याख्यान देऊन काय होणार? त्याने वहीच्या एका पानावर पुढच्या सात दिवसांच्या तारखा टाकाव्यात आणि प्रत्येक तारखेखाली तीनच ओळी आखाव्यात. दोन ओळी ठरलेल्या कामांना, तिसरी रिकामी. ती रिकामी ओळ फार महत्त्वाची. तालुक्याला स्पेअर पार्ट मिळत नाही, तो रत्नागिरीहून किंवा कोल्हापूरहून एसटीने यायचा असतो, आणि आधीचं अडलेलं काम त्या तिसऱ्या ओळीत सरकतं. तिन्ही ओळी आधीच भरल्या की पहिलं काम लांबताच सगळा आठवडा कोसळतो. पान भरलेलं दिसलं की "शुक्रवारी सकाळी, त्याआधी जमणार नाही" हे वाक्य आपोआप तोंडून येतं. गिऱ्हाईक त्या वाक्याचे पैसे देतं. व्यासपीठावरचा पाहुणा ज्याला ॲटिट्यूड म्हणतो, ती हीच गोष्ट आहे, आणि ती पानातून आली.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जबर आक्षेप. तो गिरणगावातून येतो, आणि त्याला बगल देणारा माणूस कोकणाबद्दल बोलायला लायक नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले हजारो लोक मुंबईच्या गिरण्यांत तीन पाळ्यांत राबले. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की फाटकात हजर. गावची घरं त्यांच्या मनीऑर्डरींवर उभी राहिली. त्यांच्याइतकं वक्तशीर कोण होतं? तरीही १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यातल्या हजारोंना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. शिस्तीने त्यांना वाचवलं नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. बंद पडणारी गिरणी कुणाच्या चांगल्या सवयीने चालू राहत नसते, आणि उद्योगधोरणाची जबाबदारी पहाटे उठणाऱ्या मुलावर ढकलणारे लोक अन्याय करतात.

पण हीच गोष्ट पुढेही वाचली पाहिजे. ती शिस्त कुणाची होती? भोंगा गिरणीचा, मस्टर गिरणीचं, कोण कुठल्या खात्यात किती वर्षं होता याची नोंदही गिरणीच्या कचेरीत. वीस वर्षं साचा, म्हणजे माग, चालवणाऱ्या माणसाजवळ आपल्या कसबाचा स्वतःचा असा कागद फार थोडा होता. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण कामावर होतो हे सिद्ध करायची वेळ आली आणि वारसांनी गावच्या ट्रंका उपसल्या: तिकीट नंबर, हजेरीपत्रक, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड. ज्याने ती चिठोरी जपली होती त्याची वाट सोपी झाली. आता याच किनाऱ्यावरून बोटीवर गेलेल्या माणसाकडे बघा. त्याच्याकडे सीडीसी असतं, खलाशाचं नोंदपुस्तक. जहाजाचं नाव, हुद्दा, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. पुढच्या हुद्द्याच्या परीक्षेला बसायचं तर समुद्रावर काढलेल्या महिन्यांचा पुरावा लागतो आणि तो त्या पुस्तकात असतो. कंपनी बुडाली, जहाज भंगारात गेलं, तरी पुस्तक त्याच्या खिशात. एकाच तालुक्यातले दोघे, दोघेही घरापासून दूर, दोघेही कष्टाळू. एकाची वर्षं दुसऱ्याच्या कचेरीत जमा होत गेली, दुसऱ्याची स्वतःच्या खिशात.

यावर कुणी म्हणेल की सीडीसी कायद्याने आलं, खलाशाच्या सवयीने नव्हे. खरं आहे. मी तेच सांगतोय. सवय मनाच्या बळावर फार काळ उभी राहत नाही, तिला एखादी चौकट लागते. ज्याच्या धंद्याला कायद्याने चौकट दिली नाही, त्याने ती स्वतः आखून घ्यायची. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या मुलाला हे आजच करता येईल. पाळी, यंत्र, काय बिघडलं, काय केलं, किती वेळ यंत्र बंद राहिलं: पाळी सुटल्यावर एवढ्या पाच गोष्टी. कंपनीची गुपितं, उत्पादनाचे आकडे त्यात घ्यायचे नाहीत, फक्त आपलं काम. सहा महिन्यांनी पगारवाढीचं बोलताना "मी खूप मेहनत करतो" आणि "पंपाचं सील मी अकरा वेळा बदललं, सुरुवातीला तीन तास लागायचे, आता सव्वा तास लागतो" या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! दुसरं वाक्य बोलायला धीटपणा लागत नाही, वही लागते. आणि वाढ नाहीच मिळाली, तर दुसरीकडच्या मुलाखतीला हेच वाक्य घेऊन जाता येतं.

आपल्या गावांत हे करून दाखवलेले लोक आहेत, पण सत्काराच्या खुर्चीवर त्यांना कुणी बसवत नाही. बचत गटातल्या बायका. गटाची पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. १९९२ साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला, तेव्हा जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिला कर्ज कशाच्या भरवशावर द्यायचं हा प्रश्नच होता. भरवसा ठेवला तो गटाच्या रजिस्टरवर. आज गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सतरंजीवर बसून सह्या-अंगठे घेत भरलेलं ते रजिस्टर म्हणजे पत. पुरुषांनी मात्र पिढ्यान् पिढ्या "माझ्या शब्दाला गावात किंमत आहे" यावर भागवलं. गावात असेल. तालुक्याच्या बँकेत शब्द कसा दाखवणार?

इथे तोंडी हिशेबाचे कैवारी पुढे येतात, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात संध्याकाळी उभं राहावं: मासळी विकत घेणारी बाई एकाच वेळी चार होड्यांचे भाव, कुणाचं देणं, कुणाकडून येणं आणि बर्फाचा खर्च डोक्यात फिरवत असते, आणि चुकत नाही. बोटीवरचा वाट्यांचा हिशेब तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोटांवर करतो. ही बुद्धी आहे, आणि लिहिता येणाऱ्यांनी तिच्यापुढे मान झुकवावी. तरीही ती एका गोष्टीत कमी पडते. आजचा हिशेब तिला चोख येतो, तीन वर्षांचा कल तिला दिसत नाही. कुठल्या महिन्यात कुठल्या मासळीने हात दिला, डिझेल किती खाल्लं, जाळ्याच्या दुरुस्तीला किती गेले, हे डोक्यात एकावर एक साचतं आणि शेवटी "यंदा बरं गेलं" एवढंच उरतं. पाठांतराच्या परंपरेतलाच विषय घ्यायचा तर चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे आठवतात. मुंबईत वकिली सांभाळून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला: पहिला खंड १९३०, शेवटचा १९६२, पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं. ज्या शास्त्राला शतकानुशतकं पाठांतराने तोलून धरलं त्याचाही इतका पसारा कागदावर मांडल्याशिवाय आवरत नाही.

दुसरा आक्षेप वेळापत्रकाचा आहे आणि त्यात मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने अर्ध्याहून पुढे चालत जाईन. रोज पहाटे पाच, रोज एक तास वाचन, एकवीस दिवसांत नवा माणूस, हा उपदेश ज्यांचे बारा महिने सारखे असतात त्यांच्यासाठी आहे. इथे सारखा महिना कुठला? आंब्याचे चार महिने झोप नाही, आगोटीत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सरपण-शाकारणी, मग लावणी, मग गणपती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. एकवीस दिवसांचा आकडाही कच्चा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला. त्यांनी रोजची एक साधी कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. कुणाला १८ दिवस लागले, काहींना २५४ लागतील असा हिशेब निघाला, मधला आकडा ६६. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मासेमारी बंदीचे दिवस मोजले तर ६१ भरतात. म्हणजे बंदीच्या काळात सवय जवळजवळ मुरते. पण इथेच एक फसगत होते. जूनमध्ये "दुपारी जेवून झाल्यावर वही" असं ठरवलेला खलाशी ऑगस्टमध्ये दुपारी समुद्रात असतो. खूण गेली की सवय जाते. म्हणून खूण अशी धरावी जी दोन्ही हंगामांत टिकते: रात्री मोबाइल चार्जिंगला लावणं, देवाजवळ दिवा लावणं, बोटीवर असाल तर जाळं आवरल्यावरचा पहिला चहा.

बागायतदाराचं उदाहरण अधिक नेमकं आहे. हापूसला कल्टार (पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घालायचं ते साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलिलिटर. आठ मीटरच्या झाडाला २४. पाण्यात मिसळून, विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोल २५-३० भोकं पाडून त्यांत सारखं ओतायचं. कृती सोपी आहे; चुकतं ते नोंदीत. व्यास मोजण्याऐवजी डोळ्यांनी अंदाज केला जातो. दीडशे झाडांच्या बागेत पावसाने काम मध्येच थांबतं, दुसऱ्या दिवशी गडी बदलतो, आणि कुठवर झालं हे कुणालाच आठवत नाही. काही झाडांना दुप्पट जातं, काहींना काहीच नाही. फाजील मात्रेची झाडं आखूड, गुच्छासारखी पालवी दाखवतात, आणि त्यांना खत न वाढवता दरवर्षी तेच मिळत राहिलं तर ती थकतात. मग दोष हवामानाला. हवामानाचा दोष असतोही, तो मी नाकारत नाही. पण झाडाला नंबर नाही, मात्रा लिहिलेली नाही, मोहोराची आणि फवारणीची तारीख नाही, तर हवामान कुठवर आणि आपली चूक कुठवर हे ओळखायचं कसं? निर्यातीसाठी बागेची नोंदणी करायला गेलं की फवारणीच्या तारखा मागतातच. त्या वेळी बसून मागच्या तारखा आठवून भरणं म्हणजे नोंद नव्हे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांनाही हेच लागू आहे. दहावीला अव्वल येणारी मुलं एमपीएससीत अडखळतात, यावर "चिकाटी नाही" हा शेरा मारणं सोपं. त्यांच्या अभ्यासिकेतल्या वहीत काय असतं ते बघा: किती तास बसलो. तास मोजून काय उपयोग? चुका मोजायला हव्यात, आणि तीन रकान्यांत: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न चुकीचा वाचला, अंदाजाने ठोकलं (यात बरोबर आलेले अंदाजही लिहायचे). पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापतात. म्हणजे अंदाजांपैकी पाचात एक बरोबर आला तर ना नफा ना तोटा; त्याहून कमी येत असतील तर ठोकणं बंद करावं, जास्त येत असतील तर न घाबरता करावं. आपलं प्रमाण किती, हे दहा सराव प्रश्नपत्रिकांचा तिसरा रकाना सांगतो. पहिला रकाना फुगलेला असेल तर अजून वाचा. दुसरा फुगलेला असेल तर आणखी चार पुस्तकं वाचून काही होणार नाही, वाचनाचा वेग कमी करावा लागेल. चिकाटी कुठे लावायची हेच माहीत नसेल तर ती सुटणारच.

वही कशी असावी याबद्दल थोडं. मोबाइलचं ॲप वाईट नाही, पण आषाढात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा कागद बरा. दोनशे पानी, शिवलेली. चिकटवलेल्या वहीची पानं दमटपणाने सुटतात. जेल पेन नको, ओल्या हाताने अक्षर फराटतं. बॉलपेन, किंवा सरळ पेन्सिल. रोज चार ओळी: काय केलं, किती (तास, रुपये, नग, काहीही पण आकडा), काय अडलं, उद्याचं पहिलं काम. दहा मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर रकाने जास्त झाले आहेत. वही सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिल्याच आठवड्यात आखलेले बारा रकाने. दुसरं कारण, तिच्यात स्वतःवर ताशेरे ओढणं. "आज आळस केला" असं लिहिणारा चौथ्या दिवशी वही उघडत नाही. "आज शून्य, ताप होता" असं लिहिणारा उघडतो. दिवस चुकला तर ओळ कोरी सोडावी, मागून भरू नये. कोऱ्या ओळी कुठल्या महिन्यात येतात हीसुद्धा माहितीच आहे. महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर पाठवावेत. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमधल्या घरांनी आणि दुकानांनी कागद गमावणं म्हणजे काय ते पाहिलं आहे.

हे सगळं करूनही सातबाऱ्यावरची चाळीस नावं कमी होणार नाहीत. काजूच्या कारखान्यात दिवसभर गर सोलून घरी परतलेल्या, चूल, पाणी, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईला दहा मिनिटं कोण देणार, याचं उत्तर वहीत नाही. ती दहा मिनिटं घरातल्यांनी द्यायची आहेत. आणि रस्ता, दवाखाना, रोजगार मागण्याचं काम चांगल्या सवयींच्या नावाखाली कुणी बंद पाडत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. फक्त मागणाऱ्याच्या हातातही आकडे असावेत. वादळ होऊन गेल्यावर पंचनाम्याला येणारा माणूस पडलेले माड मोजतो. उभे किती होते आणि गेल्या साली त्यांनी किती नारळ दिले, हे मालकालाच सांगावं लागतं.

वह्या तर आपली मंडळं दर जूनमध्ये वाटतातच. त्यांतली एक वेगळी ठेवावी, पहिल्या पानावर चार ओळींचा नमुना छापून. कार्यक्रमात भाषणांपैकी एक कमी करून ती वीस मिनिटं मुलांकडून पहिलं पान भरून घ्यावं, पेन्सिलीसकट. आणि पुढच्या जूनमध्ये बक्षीस देताना टक्क्यांच्या यादीशेजारी ती वही मागावी. जी मुलं अर्धी भरलेली, मध्ये कोऱ्या ओळी असलेली वही घेऊन येतील, त्यांना व्यासपीठावर बोलवून विचारावं: ऑगस्टमध्ये काय अडलं होतं?